काळी पुंगळी

मागच्या महिन्यात एक तरुण गाडी घेऊन माझ्या दुकानासमोर थांबला आणि म्हणाला, "काका, सायलेन्सर काळा करून पाहिजे. चकचकीत लय गावठी दिसायलाय." मी त्याच्याकडं बघतच राहिलो. ज्या काळ्या रंगापायी मला एकदा परभणीत तोंड दाखवायची सोय उरली नव्हती, तो आता लोक हौसेनं मागायला येतात. दुकान आता माझा मुलगा बघतो. त्यानं बाजारातली फवाऱ्याची बाटली काढली आणि पाऊण तासात काम उरकलं. मला त्याच कामाला पाच महिने लागले होते.

'मिस्त्रीकामातल्या आठवणी लिहा' असं दिवाळी अंकाकडून सांगणं आलं, तेव्हा मला हेच पाच महिने आठवले. इंजिन खोललं, पिस्टन बदलला, हे सगळेच मिस्त्री करतात. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आणि सांगायला बसलो तर वाचणाऱ्याला झोप लागेल. मी एका पुंगळीचीच हकीकत सांगतो.

ज्यांनी गाडीखाली कधी वाकून बघितलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. इंजिनात पेट्रोल जळतं, त्याचा धूर ज्या नळीतून मागं जातो ती पुंगळी. कागदोपत्री तिला सायलेन्सर म्हणतात. इंजिनापाशी ती वळते, तो तिचा कोपर. तो इतका तापतो की पाण्याचा थेंब त्यावर टेकत नाही, नाचून उडून जातो. मागं तिचं फुगीर पोट असतं. तेही तापतं, पण चुलीवरच्या तव्याइतकंच. मागं बसणाऱ्या माणसाचा पाय या पोटाजवळ येतो, एवढं ध्यानात ठेवा.

या पुंगळीला कंपन्या चकचकीत मुलामा देत. शिकलेले लोक त्याला क्रोम म्हणत, आम्ही सगळ्याच चकाकीला निकेल म्हणायचो. निकेल दिसायला झकास, पण आमची काळी माती त्याच्या मुळावर उठलेली. पावसाळ्यात चिखल तापल्या पुंगळीवर उडतो, विटेसारखा भाजून बसतो, आणि खरवडायला जावं तर निकेलचा पापुद्रा घेऊनच निघतो. मग आतल्या लोखंडाला गंज धरतो. वरून चार आण्याएवढा दिसणारा गंज आतून रुपयाएवढा असतो. पुंगळीला भोक पडलं की गाडीचा जोर जातो आणि आवाज असा होतो की गावातली कुत्री वेशीपर्यंत पोचवायला येतात.

दुकान मूळचं रहीमउस्तादांचं. परभणीच्या स्टेशन रोडवर निजामीपासून ते मोटारींचं काम करत, आणि मी त्यांच्या हाताखाली तयार झालो. निजामी गेली, राज्य बदललं, आणि दोन-एक वर्षांनी उस्ताद हैदराबादेला लेकीकडं राहायला गेले. जाताना हत्यारांची पेटी माझ्यापुढं ठेवून एवढंच म्हणाले, "नारायण, दुकान तेरा, नाम मेरा. संभाल." उर्दू पाटी उतरवून मी मराठी पाटी लावली, पण नाव तेच ठेवलं, 'रहीम मिस्त्री'. मला कुणी रहीमभाई म्हणून हाक मारली तरी मी ओ द्यायचो.

त्या काळात सगळ्याच पाट्या बदलत होत्या. कचेऱ्या, दवाखाने, शाळा, सगळीकडं उर्दू जाऊन मराठी येत होतं. माझं अक्षर बरं होतं, म्हणून जोडधंदा म्हणून मी पाट्याही रंगवायचो. एका वकिलानं एकाच पाटीवर अर्धं उर्दू आणि अर्धं मराठी लिहून घेतलं. मी विचारलं तर म्हणाला, "सरकार टिकलं तर इकडचं वाचतील, न्हाई टिकलं तर तिकडचं." सांगायचा मुद्दा असा की दुकानात काळा रंग डब्यांनी भरलेला असायचा, आणि माझी चूक तिथूनच सुरू झाली.

श्रावण संपता संपता वसंतराव दुकानात आले. ते जनावरांचे डॉक्टर. नव्या सरकारनं नेमलेले, तरुण, हसतमुख. वैशाखात त्यांचं लग्न झालं होतं आणि गंगाखेडच्या सासऱ्यांनी त्यांना मोटरसायकल दिली होती. सासऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. गोदाकाठची जमीन, दोन विहिरी, शब्दाला वजन. गाडी लढाईतली, लष्कराच्या लिलावातली होती. जावयाला द्यायची म्हणून आप्पांनी तिच्या पुंगळीला हैदराबादेत निकेल चढवून घेतलं होतं. लग्नात लोकांनी त्या पुंगळीत तोंड बघून मिशा सारख्या केल्या म्हणे. पण मुलामा पातळ होता. एका पावसाळ्यात पुंगळी खरूज झालेल्या कुत्र्यासारखी दिसायला लागली.

"मिस्त्री, काही तरी करा," डॉक्टर म्हणाले. "नवी पुंगळी मिळत नाही आणि ही सडली तर मी घरी बसलो. पालमकडं मेंढरांना देवी आल्यात. मला रोज फिरायचंय."

मी म्हणालो, "काळी करून टाकू. गंज जागच्या जागी मरंल."

इथपर्यंत माझं बरोबर होतं. पुढं मी गाढवपणा केला. शाळेच्या फळ्याला द्यायचा काळा मी स्वतः करायचो, दिव्याची काजळी आणि चपडी लाख स्पिरिटात विरघळवून. तोच रंग मी पुंगळीला तीन हात दिला. दिसली अशी देखणी की मीच चार पावलं मागं जाऊन बघत राहिलो. लाख ऊब लागली की मऊ होते हे मला ठाऊक होतं. फुटलेल्या कपाला लाखेनं डाग देणारा माणूस मी. पण पाट्या रंगवून रंगवून माझ्या डोक्यात काळा म्हणजे काळा, एवढंच उरलं होतं.

पुढच्या शनिवारी आप्पा परभणीला आले. लेकीचं लग्न जमलं तर जावयाला घेऊन पोखर्णीच्या नरसिंहाला येईन, असा त्यांचा नवस होता. पांढरंशुभ्र धोतर नेसून ते डॉक्टरांच्या मागं गाडीवर बसले. दहा मैलांचा रस्ता. पुंगळी तापली, लाख पाघळली, आणि वाऱ्यानं उडणारं धोतर एकेक वेळा टेकत गुडघ्यापासून घोट्यापर्यंत काळं होत गेलं. आप्पांना पत्ताही नव्हता. देवळाच्या पायरीशी उतरले तेव्हा फुलवाली हसली. त्यांनी खाली बघितलं आणि तिथूनच मागं फिरले.

ते घरी गेले नाहीत, सरळ माझ्या दुकानात आले. मी टायरला ठिगळ लावत होतो. समोर ते धोतर बघितलं आणि काय झालं ते मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

"हे तुजं काम?" आप्पांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"हाय जी."

"धोतर गेलं तं गेलं. धोतराचं काई न्हाई. मी देवाच्या पायरीवरून वापस आलोय. मपल्या उमरीत असं झालं न्हाई. नवस घिऊन गेलो अन बेइज्जती घिऊन आलो."

दुकानापुढं माणसं जमली होती. मी मान खाली घालून उभा राहिलो. डॉक्टर मध्ये पडायला गेले तर आप्पांनी हातानं त्यांना थांबवलं. "पुंगळी काढा अन मुंबईला धाडा. चांगलं निकेल करून आणा. मंग मी ह्याच गाडीवर बसून देवाला जाईन. जिनं वापस फिरवलं, तिच्यावरच."

"आप्पा, मुंबईला गेली की चार महिने येत नाही," डॉक्टर म्हणाले. "तवर मी खेड्यांवर कसा जाऊ?"

"बैलगाडीनं जा."

तेव्हा मला काय झालं कुणास ठाऊक. माझा स्वभावच असा, चूक कबूल करून गप्प बसणं मला जमत नाही, ती निस्तरल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. मी म्हणालो, "आप्पा, मला एक मुदत द्या. तुमच्या धोतराला लागणार न्हाई असा काळा मी बसवून दावतो. न्हाई जमलं तर पुंगळी डोक्यावर घिऊन मी सोता मुंबईला जातो, अन दुकानाची ही पाटी उतरवतो."

आप्पांनी पाटीकडं बघितलं. "पाटी तं तुज्या नावाची बी न्हाई."

"म्हनून तं," मी म्हणालो.

आप्पा निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांच्या घरी गेलो. आप्पा ओसरीवर बसले होते. माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुदतीचं बघू. पर तू पुन्ना काळंच करनार? लेकीच्या लग्नात दिल्याली वस्तू, अन तिला काळं? आमच्यात चालत न्हाई."

आतून कमलताई चहा घेऊन आल्या, डॉक्टरांच्या मंडळी. लग्नाला चार महिनेही झालेले नव्हते, पण वडिलांना कुठं धरायचं ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्या म्हणाल्या, "आप्पा, पहिल्या संक्रांतीला मला काळी चंद्रकळा घेनार का न्हाई?"

"घेनार की."

"मंग संक्रांतीला लेकीला काळं चालतंय अन तिच्या फटफटीला चालत न्हाई?"

आप्पांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्याला, आणि मग म्हणाले, "रथसप्तमीपर्यंत काळं चालतंय. तवर तुजी मुदत. त्याच्याम्होरं एक दिस न्हाई."

असे मला पाच महिने मिळाले.

पहिल्यांदा मी पुंगळी घासून कोरी केली. निकेलवर काहीच धरत नाही, ते काढावंच लागतं. कानस, विटकरीचा भुगा आणि खांद्यातला जोर, एवढीच हत्यारं. घासता घासता एक गंमत दिसली. पुंगळी गाडीला जिथं पट्टीनं आवळतात तिथं, पट्टीच्या बेचक्यात, जुना काळा रंग शिल्लक होता. म्हणजे लढाईवर ही गाडी काळ्या पुंगळीनंच गेली होती. मला इतका आनंद झाला की मी तो कोपरा डॉक्टरांना बोलावून दाखवला. कुठंतरी कुणीतरी हे केलेलं आहे, मग मला का जमू नये?

रस्ता दाखवला सखारामनं. तो आमच्या गल्लीत मोटा शिवायचा. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची चामड्याची पखाल. ती दिवसरात्र पाण्यात असून कुजत नाही, कारण तिला करडईचं जळकं तेल पाजलेलं असतं. हे तेल घाण्याचं नव्हे. जमिनीत एक मडकं पुरायचं, त्याच्यावर करडई भरलेलं दुसरं मडकं पालथं घालायचं, तोंडाशी भोकं पाडलेला पत्रा, आणि वरच्या मडक्याभोवती गोवऱ्या पेटवायच्या. करडई वर जळते आणि खालच्या मडक्यात काळं, चिकट तेल ठिबकतं.

"चामड्याला धरतंय, लोखंडाला बी धरंल का?" मी विचारलं.

सखाराम म्हणाला, "मोटंच्या लोखंडी कड्याला इतकी वर्सं लागायलंय, तवा गंज कुटं हाय? पर येक सांगतो मिस्त्री, ह्याला घाई चालत न्हाई."

घाई चालत नाही हे ऐकून मी मान हलवली आणि घाईच केली. पुंगळी भात्यावर तापवली, तेलाचा बोळा फिरवला, धूर निघाला, पुन्हा तापवली, पुन्हा बोळा. असे सात हात एका दिवसात. काळा रंग आला, कुळकुळीत. पण बोट लावलं की थोडं चिकटायचं. मी स्वतःला समजावलं की चालता चालता सुकेल.

आश्विनात डॉक्टर पालमकडं निघाले. बिराजी नावाच्या मेंढपाळाच्या कळपात देवी शिरल्या होत्या आणि लस टोचायची होती. मी म्हणालो, मीही येतो, पुंगळी रस्त्यावर कशी वागते ते बघतो. गंगाखेडला गाडी नावेत चढवून गंगा, म्हणजे आमची गोदावरी, ओलांडली, आणि पुढं चिखलाचा रस्ता लागला. दर चार-पाच मैलांवर मी डॉक्टरांचा खांदा दाबून गाडी थांबवायला लावायचो. उतरायचो, वाकायचो, बोट लावून बघायचो. एका ओढ्यात तापलेली पुंगळी पाण्यात गेली आणि चर्र आवाज झाला. तिथं तर मी पाव तास घालवला. डॉक्टर हँडल धरून थांबून राहिले. मनानं फार मऊ माणूस.

बिराजी वाटेवरच उभा होता. कळपाजवळ गेल्यावर मी त्याला म्हणालो, "पांढरं फडकं आसंल तं द्या जरा, पुसून बगायचंय."

तो म्हणाला, "आमच्यात पांढरं म्हंजी दूधच, मिस्त्री. बाकी समदं काळं घोंगडं." मी अंगातला बनियन काढला आणि पुंगळी पुसली. बनियनला डाग पडला. शिवाय वाटेतली सगळी धूळ त्या चिकट्यावर बसून पुंगळीला जशी काही लव फुटली होती.

मी बनियन हातात घेऊन उभा असतानाच पलीकडं दोन मेंढ्या लवंडल्या. डॉक्टर सुई घेऊन धावले, पण उपयोग नव्हता. बिराजीची बायको त्यांच्याशेजारी बसली आणि त्यांच्या तोंडावरच्या माश्या हाकत राहिली, मेल्यावरही. बिराजी म्हणाला, "आत्ता तं उभ्या व्हत्या. वाईच आदी आला आसता डाक्टर, तं..." आणि पुढचं त्यानं गिळलं.

परतताना मी डॉक्टरांना विचारलं, माझ्या थांबण्यानं झालं का हे? ते म्हणाले, "नाही मिस्त्री, आजार पुढं गेला होता. सकाळी आलो असतो तरी त्या गेल्याच असत्या." असेलही. त्यांनी पुढंही आयुष्यभर पोटासाठी नव्हे, जनावरांसाठी काम केलं, ते खोटं कशाला बोलतील. पण मला ते पटलेलं नाही, अजूनही नाही. गाडी कशासाठी चालते आणि पुंगळी कशासाठी आहे, हे मी त्या दिवशी विसरलो होतो. माझा काळा, माझी पाटी, माझी पैज, एवढंच बघत होतो. त्या दिवसापासून एक नियम केला. गाडी कामावर असताना तिला स्वतःच्या हौसेसाठी थांबवायचं नाही. तपासायचं ते घरी आल्यावर.

त्यामुळं हट्ट कमी झाला असं मात्र नाही. उलट वाढला. पुंगळी नीट झाली नाही आणि मुंबईच्या वाटेला लागली, तर चार महिने बिराजीसारख्यांच्या कळपाकडं कोण जाणार? आता ते काम माझ्या अब्रूपुरतं राहिलं नव्हतं. मी सगळा थर खरवडून पुन्हा कोऱ्या लोखंडावर आलो.

चुकलं कुठं ते कळत होतं. भात्यावर पुंगळी एका जागी लाल होते आणि वीतभर पलीकडं कोमट राहते. तेल सगळीकडून सारखं भाजलं पाहिजे, आणि सावकाश. अशी भट्टी परभणीत एकच होती, मुनाफभाईंची बेकरी. मी पुंगळी खांद्यावर घेऊन त्यांच्याकडं गेलो.

मुनाफभाई पुंगळीकडं बघून म्हणाले, "अरे मिस्त्री, ये डबलरोटी की भट्टी है, लोहार की नहीं."

मी म्हणालो, "तुमची रोटी निघाल्यावर जी आग उरते ती द्या. फुकट जाणारी आग मागायलोय."

"उस्ताद का नाम लेके आया है, ना कैसे बोलूं," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

मग रोजचा क्रम ठरला. दुपारी बेकरीचं काम संपलं की पुंगळीला तेलाचा हात द्यायचा, फडक्यानं असा पुसून काढायचा की तेल दिलंच नाही असं वाटावं, आणि उरल्या आगीत ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. एका दिवशी एकच. मधल्या दिवसांत डॉक्टर गाडीला एक गंजकी नळी बांधून जेमतेम जवळच्या खेड्यांपुरते हिंडत होते आणि त्यांच्या येण्याची वर्दी दोन कोसांवरून मिळत होती. पहिल्या दोन दिवसांत माझ्या हातून तेल जास्त झालं आणि परभणीच्या डबलरोटीला करडईचा जळका वास आला. स्टेशनवरच्या चहावाल्यानं भांडण काढलं. मुनाफभाईंनी त्याला ठणकावून सांगितलं, "नया मसाला है, खाके देखो." माणसं अशी होती म्हणून माझं जमलं.

पोट उत्तम झालं. दगडानं घासलं तरी हलेना, बोट फिरवलं तर कोरडं. पण कोपर दाद देईना. तिथली आग कुठल्याही तेलाला जाळून टाकायची आणि आठवड्यात लोखंड उघडं पडायचं. तेल जळतं, तर आधीच जळलेलं काही लावावं, असा विचार केला. बॅटरीच्या दिव्यातले संपलेले सेल फोडले, आतली काळी कांडी खलबत्त्यात कुटली आणि ती पूड तेलात कालवून कोपरावर रगडली. तेल उडून गेलं, पूड लोखंडात मुरून राहिली. खरं सांगायचं तर कोपराचा काळा मी कधीच कायमचा बसवू शकलो नाही. दर दोन महिन्यांनी पुन्हा रगडावा लागे. पुढं माझ्याकडं काळी करायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधीच सांगायचो. पुष्कळ जण तेवढ्यावरून परत जायचे. जाऊ द्यायचो.

संक्रांत झाली. कमलताईंनी चंद्रकळा नेसून हळदीकुंकू केलं. डॉक्टरांनी तोवर ती पुंगळी लावून महिनाभर गाडी चालवली होती, धुळीतून, ओढ्यातून, मेंढवाड्यांतून. रथसप्तमीच्या आधीचा शनिवार आप्पांनी ठरवला. निरोप एवढाच होता, "मिस्त्रीला म्हनावं, पायरीपाशी उभा ऱ्हा."

मी सकाळीच सायकल मारत पोखर्णीला निघालो. मन थाऱ्यावर नव्हतं. वाटेत सायकलची साखळी तीनदा उतरली आणि तीनदा मी ती नुसत्या हातानं चढवली. देवळापाशी पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. ती फुलवाली तिथंच होती. तिनं मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं.

गाडीचा आवाज आला. डॉक्टर पुढं, आप्पा मागं, अंगावर नवं कोरं पांढरं धोतर. ते धोतर वाऱ्यानं पुंगळीवर टेकताना मला लांबूनच दिसत होतं. आप्पांनी ते आवरून धरलं नव्हतं. मुद्दामच सोडलं होतं.

गाडी थांबली. आप्पा सावकाश उतरले. त्यांनी धोतराचा उजवीकडचा भाग पुढं ओढून उन्हात धरला. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बघितलं. धूळ होती, दुसरं काही नव्हतं. मग ते खाली बसले, धोतराचा सोगा हातात धरला आणि तापल्या पुंगळीच्या पोटावर तो कचकचून घासला. एकदा, दोनदा, तीनदा. सोगा उलटून बघितला. पांढरा.

डॉक्टर माझ्याकडं बघून हसले. मला हसू येईना.

आप्पा उठायला गेले आणि त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या की काय, ते तोल जाऊन पायरीवर कोसळायला लागले. मी धावलो आणि त्यांना कमरेपाशी धरलं. ते सावरले. मी हात काढला. पांढऱ्या धोतरावर, मांडीच्या जरा वर, माझी पाच बोटं काळीकुट्ट उठली होती. सायकलच्या साखळीचं वंगण.

फुलवालीचा हात हारावर थांबला. डॉक्टर गाडीला घोडी लावता लावता तसेच राहिले. पाच महिन्यांचं काम झालं होतं, आणि त्याच पायरीवर मी पुन्हा तेच केलं होतं. रडू यायचंच बाकी होतं. मी म्हणालो, "आप्पा, हा पुंगळीचा न्हाई. मपला हाय."

"दिसायलंय मला," आप्पा म्हणाले.

त्यांनी डागाकडं बघितलं, मग माझ्या हाताकडं. धोतराची ती घडी त्यांनी शांतपणे आत वळवली आणि कमरेला घट्ट खोचली. मग माझं मनगट धरलं. "चल."

"मी कुटं? मपला काई नवस न्हाई, आप्पा."

"नवस आसल्याबिगर मानूस पाच महिने लोखंड भाजत न्हाई. चल म्हन्लं ना."

ते हात सोडेनात. तसाच मी पायऱ्या चढलो. गाभाऱ्यापाशी पोचल्यावर त्यांनी माझं मनगट सोडलं आणि हात जोडले. त्यांच्या तळव्याला माझं वंगण लागलं होतं. ते त्यांनी बघितलं, पण पुसलं नाही.